शेवटची ठरवलेली माणसं

१९०३ सालचा एक फोटो आहे. ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेला असलेल्या टास्मानिया बेटावरच्या होबार्ट शहरात काढलेला. फोनोग्राफचा कर्णा मध्ये आहे, एका बाजूला होरेस वॉटसन नावाचे औषधविक्रेते आणि दुसऱ्या बाजूला सत्तरीला टेकलेल्या फॅनी कॉकरेन स्मिथ. त्या काळी मेणाच्या नळीवर आवाज कोरला जायचा. कर्ण्यात तोंड घालून मोठ्याने गायलं की सुई मेणात चर काढत जाई. फॅनीबाई बेटाच्या मूळनिवासी. आपल्या लोकांची गाणी त्यांनी अशी गाऊन ठेवली. त्याआधी १८९९ मध्ये रॉयल सोसायटी ऑफ टास्मानिया या शास्त्रीय संस्थेसाठीही त्या गायल्या होत्या. टास्मानियाच्या मूळ भाषांचं एवढंच ध्वनिमुद्रण जगात आहे. ऐकताना आधी नुसती खरखर येते, मग त्या खरखरीतून एक खणखणीत, ठाम आवाज वर येतो. शब्द कळत नाहीत, पण गाणाऱ्या बाईला तिचं गाणं पाठ आहे हे कळतं.

वॉटसन यांचा आणखी एक उद्योग होता. सासऱ्यांच्या करी पावडरचा धंदा त्यांनी वाढवला. ती पावडर अजून विकली जाते. होबार्टला राहणाऱ्या माझ्या भाचीच्या स्वयंपाकघरात मी तो केशरी डबा पाहिला आणि मागून या माणसाची गोष्ट समजली. शहराच्या डोक्यावर जो डोंगर आहे, त्याच्या पायथ्याच्या उतारावर दगड मांडून वॉटसन यांनी त्या पावडरच्या नावाची भली मोठी अक्षरं उभी केली. ती अक्षरं आजही गावातून दिसतात. त्याच डोंगराला २०१३ पासून सरकारी नकाशात दोन नावं आहेत: कुनान्यी आणि माउंट वेलिंग्टन. कुनान्यी हे नाव पलावा कानी या तिथल्या मूळ लोकांच्या भाषेतलं. फॅनीबाईंची गाणी त्या भाषेच्या पायात घातलेल्या दगडांपैकी आहेत.

मी पुण्यात पुरातत्त्व शिकले. हाडं आणि दात यांच्यावर माझं विशेष प्रेम. त्यामुळे टास्मानियाची गोष्ट माझ्यापुढे आली ती आधी हाडांच्या बाजूने. अभ्यासक्रमात ती एका परिच्छेदात संपायची: समुद्राची पातळी वाढली, साधारण दहा-बारा हजार वर्षांपूर्वी हे बेट ऑस्ट्रेलियापासून तुटलं, तिथली माणसं जगापासून वेगळी पडली आणि १८७६ मध्ये ट्रुगानिनी नावाची बाई वारली तेव्हा ती जमात संपली. परीक्षेला हे उत्तर चालायचं.

आता तारखा नीट लावून बघू. ट्रुगानिनी ८ मे १८७६ ला होबार्टमध्ये वारल्या. फॅनी स्मिथ तेव्हा बेचाळिशीच्या आसपास होत्या, मुलाबाळांच्या गोतावळ्यात. त्यांना अकरा मुलं झाली. मूळनिवासींना नेऊन ठेवलेल्या ऑयस्टर कोव्हच्या वसाहतीत ट्रुगानिनी आणि फॅनी या दोघींचा सहवास होता. १९०४ मध्ये होबार्टच्या संग्रहालयाने ट्रुगानिनींचा सांगाडा काचेच्या कपाटात मांडला, वंशातली शेवटची म्हणून. म्हणजे मेणाच्या नळीवर गाणं कोरून झाल्याच्या दुसऱ्या वर्षी. फॅनीबाई १९०५ पर्यंत जगल्या. एका बाजूला जिवंत बाई आपल्या भाषेत गाते आहे आणि त्याच गावात तिच्या ओळखीच्या बाईची हाडं 'जमात संपली' म्हणून लोक तिकिटाविना बघत आहेत की तिकीट काढून, याने काय फरक पडतो? बघत होते. १९४७ पर्यंत बघत होते.

मला या गोष्टीचा राग येतो आणि तो लपवायची गरज वाटत नाही.

ट्रुगानिनींना हे होणार याची कल्पना होती. १८६९ मध्ये विल्यम लॅन वारला. तरुण माणूस, देवमाशांच्या शिकारी जहाजांवर काम करणारा. त्याला 'शेवटचा पुरुष' ठरवलेलं होतं, त्यामुळे त्याच्या मृतदेहावर डोळा ठेवून दोन गट बसले होते. विल्यम क्रॉथर या शल्यविशारदाने रुग्णालयाच्या शवागारात त्याच्या चेहऱ्याची कातडी उघडून कवटी काढून नेली आणि जागी दुसऱ्या कुणाची तरी कवटी बसवली. हे उघडकीला आल्यावर दुसऱ्या गटाने हात आणि पाऊलं कापून नेली, क्रॉथरला पूर्ण सांगाडा मिळू नये म्हणून. अंत्यसंस्कार झाले, त्याच रात्री थडगं उकरून उरलेलं शरीरही पळवलं गेलं. पुढे हा क्रॉथर टास्मानियाचा पंतप्रधान झाला. शहराच्या मध्यावर फ्रँकलिन चौकात त्याचा पुतळा १८८९ मध्ये उभा राहिला.

लॅनचं काय झालं ते ट्रुगानिनींनी बघितलं होतं. आपली राख डॉन्त्रकास्तोच्या सामुद्रधुनीत टाका, माझे तुकडे होऊ देऊ नका, असं त्यांनी एका पाद्र्याला विनवून ठेवलं होतं. त्यांना पुरलं गेलं. दोन वर्षांनी, १८७८ मध्ये, रॉयल सोसायटीने सरकारी परवानगीने त्यांचा सांगाडा बाहेर काढला. तीच सोसायटी, जिने पुढे फॅनीबाईंचा आवाज जपला.

आपल्याकडे घरात माणूस गेलं की तिसऱ्या दिवशी अस्थी गोळा करतात. त्या घरात आणत नाहीत. कुठे झाडाला टांगतात, कुठे देवळाच्या ओवरीत ठेवतात, आणि होईल तितक्या लवकर वाहत्या पाण्यात सोडतात. बाबांच्या अस्थी आम्ही नाशिकला रामकुंडात सोडल्या. भटजींनी सांगितलं त्यातलं फारसं लक्षात नाही, पण मडक्यावरचं फडकं सोडताना भावाचे हात कसे थरथरत होते ते आठवतं. आपली ही माणसं त्रेचाळीस वर्षं काचेमागे आहेत अशी कल्पना करून बघा. ट्रुगानिनींच्या अस्थींचं दहन १९७६ मध्ये झालं, मृत्यूला शंभर वर्षं पुरी व्हायला थोडे दिवस असताना, आणि राख त्यांनी सांगितलेल्या पाण्यात सोडली गेली. तेव्हाही सगळं संपलं नव्हतं. त्यांच्या केसांचे आणि कातडीचे नमुने लंडनच्या शल्यविशारदांच्या रॉयल कॉलेजात होते. ते २००२ मध्ये परत आले.

एवढं वाचून कुणाला वाटेल की मी हाडांच्या अभ्यासाविरुद्ध लिहिते आहे. तसं अजिबात नाही. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजने तिथे १९६८ ते १९८३ अशी वर्षानुवर्षं खोदकामं केली. सांकलिया, अन्सारी, ढवळीकर ही नावं त्या गावाशी कायमची जोडलेली. इसवी सनापूर्वी साधारण १६०० ते ७०० या काळात तिथे शेतकऱ्यांची वस्ती होती. तिथे दोनशेहून अधिक दफनं सापडली, त्यातली बहुतेक लहान मुलांची. मूल गेलं की दोन रांजण तोंडाला तोंड लावून आडवे ठेवायचे, आत मूल, आणि घरातल्या जमिनीखालीच खड्डा करून ते पुरायचं. बाजूला एखादं छोटं भांडं. म्हणजे आई रोज त्याच जमिनीवर चूल पेटवत असणार, त्याच जमिनीवर दुसऱ्या पोराला पाजत असणार.

त्या मुलांच्या दुधाच्या सुळ्यांवर बारीक खड्डे असतात. भिंगाखाली धरल्यावर दिसतात, टाचणीच्या डोक्याएवढे, ओठाच्या बाजूला. दाताचं लुकण, म्हणजे वरचं कठीण आवरण, तयार होत असताना, जन्मानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत, पोराच्या पोषणात कमतरता राहिली की तिथे तो खड्डा पडतो आणि मग भरत नाही. इनामगावच्या दातांवर जॉन लुकाच आणि सुभाष वाळिंबे यांनी हे काम बारकाईने केलं. असा एक सुळा पहिल्यांदा हातात घेतला तेव्हा मी कितीतरी वेळ तो खाली ठेवला नाही. तीन हजार वर्षांपूर्वी एका आईचं दूध आटलं होतं किंवा ती स्वतःच उपाशी होती, हे सांगणारं दुसरं काहीच उरलेलं नाही. कुठला ताम्रपट हे सांगणार? हे ज्ञान मौल्यवान आहे आणि ते हाडांमधूनच मिळतं.

इनामगावच्या मोठ्या माणसांची पाऊलं पुरण्याआधी घोट्याखाली तोडलेली आहेत. मेलेला माणूस उठून जाऊ नये म्हणून असावं, असा तर्क करतात. त्यात भीती होती की माया, ते सांगणं अवघड. ज्यांनी तोडली ते त्याच घरातले लोक होते, एवढं मात्र दिसतं. पुरायची जागाही घरातलीच. विल्यम लॅनची पाऊलं तोडणारे परके होते. पुराव्याच्या टेबलावर दोन्ही हाडं ठेवली तर कापल्याची खूण सारखीच दिसेल. माझ्या शास्त्राला तिथे काही फरक सांगता येणार नाही. फरक हाडाच्या बाहेर आहे.

इनामगावच्या माणसांबद्दल विचारायला आज कुणी नाही. ते कोणती भाषा बोलत, पोराला काय हाक मारत, एक शब्दही आपल्याला माहीत नाही. त्यांचे वंशज कदाचित आपणच सगळे, कदाचित कुणीच नाही. परवानगी कुणाची मागायची हा प्रश्नच तिथे उभा राहत नाही, म्हणून मी निर्धास्तपणे तो सुळा हातात घेऊ शकले. टास्मानियात मात्र विचारायला माणसं होती. त्यांना न विचारता काम करायचं तर ती माणसं नाहीतच असं ठरवणं भाग होतं. मला वाटतं 'शेवटचा', 'शेवटची' या ठरावामागचं खरं कारण हे आहे. जमात संपली म्हटलं की हाडं बेवारस होतात आणि बेवारस मालावर संग्रहालयाचा हक्क सांगता येतो.

फॅनीबाईंच्या बाबतीत तर शास्त्राने हे अगदी उघडपणे केलं. १८८९ मध्ये टास्मानियाच्या सरकारने त्यांना मूळनिवासी म्हणून मान्यता देऊन जमीन आणि पन्नास पौंडांचं वर्षासन दिलं. १८९८ मध्ये हेन्री लिंग रॉथ या इंग्लंडमधल्या अभ्यासकाने त्यांचे फोटो आणि केस तपासून निष्कर्ष काढला की या बाई अस्सल नव्हेत, मिश्र आहेत. त्यांच्या तोंडात भाषा होती, गाणी होती, आईकडून आलेलं जंगलाचं ज्ञान होतं. केसाच्या धाग्यापुढे त्याला किंमत नव्हती. पुढच्याच वर्षी त्या रॉयल सोसायटीत गेल्या आणि गायल्या. त्या का गेल्या असतील याचा मी खूप विचार केला आहे. मला तरी ते उत्तरच वाटतं.

ही माणसं इतकी थोडी कशी उरली हे थोडक्यात सांगायला हवं. १८०३ मध्ये इंग्रज तिथे उतरले. १८२० च्या दशकात मेंढ्यांच्या कुरणांसाठी जमिनी बळकावल्या गेल्या आणि उघड युद्ध झालं. १८३० मध्ये दोन हजारांवर माणसांची साखळी करून बेट विंचरायचा प्रयत्न झाला. मग सरकारने नेमलेला जॉर्ज ऑगस्टस रॉबिन्सन गोड बोलून उरलेल्यांना फ्लिंडर्स बेटावरच्या वायबालेनाला घेऊन गेला. तिथे रोगांनी माणसं पटापट मेली. १८४७ मध्ये सत्तेचाळीस जण जिवंत होते, त्यांना ऑयस्टर कोव्हला आणलं. याखेरीज बास सामुद्रधुनीच्या बेटांवर सील मारणाऱ्या गोऱ्या पुरुषांच्या संसारात राहिलेल्या टास्मानियन बायका होत्या. आजचा समाज मुख्यतः या बायकांपासून आणि फॅनी स्मिथ यांच्यासारख्या घराण्यांपासून आलेला आहे. त्यांना दीडशे वर्षं 'तुम्ही नाहीच' असं ऐकावं लागलं.

आणि याच रॉबिन्सनने शब्द लिहून ठेवले. या गोष्टीपाशी मी नेहमी अडखळते. ज्या माणसाने लोकांना बेटावर नेऊन सोडलं, त्याच्याच रोजनिशीत त्या लोकांच्या भाषा सगळ्यात जास्त शिल्लक आहेत. त्याच्याआधी फ्रेंच दर्यावर्दी येऊन गेले होते, त्यांनी आपल्या कानाने ऐकून फ्रेंच पद्धतीने याद्या केल्या. नंतर जोसेफ मिलिगन नावाच्या स्कॉटिश डॉक्टरने मोठा शब्दसंग्रह केला. सगळे मिळून वीसहून अधिक लिहिणारे. भाषाशास्त्रज्ञ नव्हतेच कुणी. बेटावर भाषा एक नव्हती. याद्यांची तुलना करून क्लेअर बोवर्न यांनी २०१२ मध्ये बारा भाषा आणि त्यांचे पाच गट असावेत असं दाखवलं. त्यातली एकही भाषा पूर्ण उभी करण्याइतका ऐवज कुठल्याच यादीत नाही.

१९९० च्या दशकात टास्मानियन अबोरिजिनल सेंटर या तिथल्या लोकांच्याच संस्थेने या तुकड्यांमधून एक भाषा बांधायला घेतली. तिचं नाव पलावा कानी. हे काम कसं चालतं ते ट्रुगानिनींच्या नावावरूनच बघता येतं. त्यांचं नाव कुणी ग घालून लिहिलं, कुणी क घालून, आणि कुणी शेवटी 'नॅनर' असं काहीतरी करून टाकलं. मराठी कानाला क आणि ग हे दोन वेगळे वर्ण. तिथल्या भाषांत त्या दोन उच्चारांनी अर्थ बदलत नसे, म्हणून गोऱ्यांना कधी हा ऐकू येई, कधी तो. आता पलावा कानीच्या लेखनात फक्त क, त, प ठेवले आहेत. ग, द, ब नाहीत. शेवटचा र तर बहुधा उच्चारात नव्हताच. लंडनचा माणूस शब्दाच्या शेवटचा र म्हणत नाही, त्यामुळे 'ना' ऐकू आलं की तो लिहिताना र जोडून मोकळा होतो. म्हणजे मूळ शब्दापर्यंत पोचायचं तर आधी लिहिणाऱ्याचं गाव, त्याची बोली, त्याचा कान ओळखावा लागतो. फ्रेंचाने लिहिलेला शब्द, स्कॉटिश माणसाने लिहिलेला शब्द आणि लंडनच्या माणसाने लिहिलेला शब्द शेजारी ठेवायचे, प्रत्येकाची सवय वजा करायची, आणि उरेल तो उच्चार घ्यायचा. कुठे फॅनीबाईंच्या मेणाच्या नळीवर तोच ध्वनी सापडला तर ताडून बघायचं. हाडांच्या प्रयोगशाळेत आम्ही तुकड्यांवरून कवटी जुळवतो तेव्हा इतका संयम लागत नाही, हे मी शपथेवर सांगेन.

पलावा कानी लिहिताना इंग्रजीतली मोठी अक्षरं वापरत नाहीत, गावांची नावंसुद्धा छोट्या अक्षरांत. देवनागरीत तो प्रश्नच येत नाही, आपली सगळी अक्षरं एकाच उंचीची.

या भाषेवर आक्षेप आहे तो माहीत आहे: ही बनवलेली भाषा आहे, अशी कुणीच कधी बोलत नव्हतं. खरं आहे. अनेक भाषांचे शब्द एकत्र आणून ती केली आहे आणि करणारे ते लपवत नाहीत. पण विचार करा, वायबालेनात निरनिराळ्या भाषा बोलणारे लोक एकत्र कोंडले गेले तेव्हा त्यांच्यातही काहीतरी मिसळलेलं बोलणं तयार झालंच होतं. त्या लोकांचे पणतू-खापरपणतू आज मिसळलेली भाषा बोलतात. माझ्या मते यात खोटं काही नाही. अस्सलपणाची मागणी करणारा आवाज मला लिंग रॉथच्या आवाजासारखाच वाटतो. त्याने केस तपासले, हे शब्द तपासतात. आज तिथली लहान मुलं ही भाषा शिकतात, सभांमध्ये ती बोलली जाते, आणि पूर्वजांचे अवशेष परत येतात तेव्हाचे विधीही याच भाषेत होतात.

म्हणूनच मी या लेखात पलावा कानीची वाक्यं देत नाही. बाहेरच्या माणसाला ती वापरायची असेल तर आधी विचारावं, असं त्या समाजाचं म्हणणं आहे. मी विचारलेलं नाही. नकाशावर आलेली गावाडोंगरांची नावं तेवढी घेतली आहेत. इथे कुणी म्हणेल, भाषा सगळ्यांची असते. असते, आपली मराठी आहे. आधी कवट्या नेऊन, मग याद्या नेऊन, वर 'तुम्ही संपलात' असं आपल्याला कुणी सांगितलं नाही.

आता २००७ सालच्या भांडणाकडे येते. माझ्या शास्त्राची खरी परीक्षा तिथे झाली. लंडनच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियममध्ये सतरा टास्मानियन माणसांचे अवशेष होते. ब्रिटनमध्ये २००४ चा मानवी ऊतींसंबंधीचा कायदा आल्यावर तिथल्या राष्ट्रीय संग्रहालयांना एक हजार वर्षांच्या आतले अवशेष परत करण्याची मुभा मिळाली. म्युझियमने परत द्यायचं ठरवलं, पण एका अटीवर: आधी चाचण्या. मोजमापं, प्रतिमा, नमुने, डीएनए. एकदा दहन झालं की ही माहिती कायमची जाणार, हा त्यांचा मुद्दा. सेंटरने लंडनच्या उच्च न्यायालयात धाव घेतली. मेलेल्यांना पुन्हा कापू देणार नाही, हा त्यांचा मुद्दा. शेवटी मध्यस्थी झाली आणि २००७ च्या मे महिन्यापर्यंत सतरा जण मायदेशी निघाले.

ही बातमी आली तेव्हा मला शिकवलेल्या मॅडमशी माझं बोलणं झालं होतं. त्या फार सुसंस्कृत, फार कष्टाळू बाई. म्हणाल्या, "अगं, जाळलेल्या हाडाला पुन्हा प्रश्न विचारता येत नाही. उद्या त्यांच्याच नातवंडांना काही जाणून घ्यायचं असलं तर?"

मी म्हटलं, "मॅडम, नातवंडं कोर्टात उभी आहेत ना. तीच नको म्हणताहेत."

त्या गप्प बसल्या, मग म्हणाल्या, "तरी मला वाईट वाटतं." वाईट मलाही वाटलं. दहा हजार वर्षं एका बेटावर वेगळ्या राहिलेल्या माणसांचे अनुवंशिक धागे, त्यांचे आजार, त्यांचं खाणं, यातलं बरंच काही आता कुणालाच कळणार नाही. हे नुकसान खरं आहे. पण दीडशे वर्षं हाडं हाताशी होती, तेव्हा त्यांना काय प्रश्न विचारले गेले? कवटी किती रुंद, जबडा किती पुढे, वंशाच्या शिडीवर पायरी कितवी. ज्या प्रश्नांनी या माणसांचं जगणं समजलं असतं ते कुणी विचारले नाहीत, आणि विचारायची वेळ आली तोवर विश्वास संपला होता. माझ्या मते म्युझियमने चाचण्यांचा हट्ट धरायला नको होता. आधी परत द्यायचं आणि मग हात जोडून विचारायचं. उत्तर नाही आलं असतं तर नाही.

होबार्टच्या संग्रहालयाने आणि रॉयल सोसायटीने फेब्रुवारी २०२१ मध्ये जाहीर माफी मागितली. क्रॉथरचा पुतळा हलवायचं महापालिकेने २०२२ मध्ये ठरवलं; अपिलं, वाद चालू असतानाच मे २०२४ मध्ये कुणीतरी रात्रीतून तो घोट्यांपाशी कापून पाडला. भाचीने फोटो पाठवला होता, चौथऱ्यावर नुसती दोन पाऊलं. मला त्यात आनंद वाटला नाही. लॅनची कवटी नेमकी कुठे गेली याचं उत्तर पुतळ्यापाशी नव्हतं.

हे सगळं लांबचं वाटत असेल तर आपल्या राज्यात या. बुलढाणा जिल्ह्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी जळगाव जामोद तालुका आहे. तिथे काही गावांत निहाल लोक राहतात आणि निहाली बोलतात. बोलणारे साधारण दोन-अडीच हजार. ही भाषा मराठीसारखी आर्य कुळातली नाही, द्राविड कुळातली नाही, शेजारच्या कोरकूसारखी मुंडा कुळातलीही नाही. जगातल्या कुठल्याच भाषेशी तिचं नातं सिद्ध झालेलं नाही. डच भाषाशास्त्रज्ञ कुइपर यांनी १९६२ मध्ये तिच्यावर पुस्तक लिहिलं. उसने शब्द बाजूला केल्यावर जवळपास चौथा हिस्सा शब्द असे उरतात की त्यांचा मूळ धागा कुठेच लागत नाही. भाषाशास्त्रज्ञांच्या जगात निहालीला मोठा मान आहे. आर्य, द्राविड यायच्या आधीच्या भारताचा अवशेष, असं तिच्याविषयी उत्साहाने बोलतात. तो उत्साह मला समजतो. इनामगावचा सुळा हातात घेताना मला तोच झाला होता.

पण निहाल माणूस हा अवशेष नाही. तो दुसऱ्याच्या शेतात मजुरीला जातो, बाजारात मराठी बोलतो, कोरकूंशी कोरकूत बोलतो, आणि त्याचं पोर पहिलीत बसतं तेव्हा गुरुजी काय म्हणतात ते त्याला कळत नाही. घरची भाषा बाहेर बोलायची लाज वाटावी असंच वातावरण असतं. भाषा मरते ती अशी, शाळेच्या पहिल्या बाकावर. मग पन्नास वर्षांनी कुणीतरी ध्वनिमुद्रणं आणि शब्दांच्या याद्या समोर घेऊन बसेल, लिहिणाऱ्यांच्या चुका वजा करील, क होता की ग होता यावर महिनोन्महिने घालवील.

डेक्कन कॉलेजच्या एकाच आवारात पुरातत्त्व विभाग आहे आणि भाषाशास्त्र विभागही आहे. तिथे शिकताना मी एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत सहसा जात नसे. आता माझ्या शास्त्रातल्या तरुण मुलामुलींना मी सांगते की इनामगावच्या भांड्यांवरून, हाडांवरून जितकं काढता येईल तितकं काढा, आणि एखाद्या दिवाळीच्या सुट्टीत जळगाव जामोदला जा. यादी करायला जाऊ नका. अंगणवाडीत निहाली बोलणारी सेविका आहे का बघा. नसेल तर जिल्हा परिषदेत विचारा, पत्र लिहा, पुन्हा विचारा. पहिली-दुसरीच्या वर्गात गुरुजींच्या शेजारी निहालीत समजावून सांगणारी एक गावातली मुलगी बसवायला फार पैसे लागत नाहीत. जी ध्वनिमुद्रणं आजवर झाली असतील त्यांची प्रत त्या गावांत, त्यांच्या फोनमध्ये असली पाहिजे, आणि ती कुणाला ऐकवायची हे त्यांनी ठरवलं पाहिजे. टास्मानियातल्या लोकांना यासाठी लंडनच्या कोर्टात जावं लागलं. निहाली बोलणारी आजी आणि तिची नात अजून एकाच घरात राहतात. एस.टी. जळगाव जामोदपर्यंत जाते.